सिमेंटच्या पोटातल्या वाटा विजेने मोजताना: प्रकल्प नोंदी

२२ जुलै २०२४

विषयाला आज सरांनी होकार दिला. सिमेंट पेस्टमधून वीज सोडायची आणि ती किती सहज जाते यावरून आतली छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत की तुटलेली, हे शोधायचं. घट्ट झालेल्या सिमेंटचा घन भाग वीज जवळपास वाहून नेत नाही. वीज जाते ती छिद्रांत अडकलेल्या पाण्यातून. या पाण्यात सोडियम, पोटॅशियम आणि हायड्रॉक्साइड आयन ठासून भरलेले असतात, त्याचा पीएच १३ च्या पुढे असतो. म्हणून मिळणाऱ्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: पाणी किती खारट-क्षारयुक्त आहे, आणि त्या पाण्याला इथून तिथे जायला वाट कशी आहे. मला हवी आहे ती दुसरी गोष्ट.

आपल्या किनारपट्टीवर हा प्रश्न पुस्तकी नाही. मांडवीवरचा पणजीचा जुना पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, आणि त्यात ताणलेल्या पोलादी तारांच्या गंजाचा मोठा वाटा होता. क्लोराइड काँक्रीटमधून पोलादापर्यंत पोचतं ते याच पाण्याने भरलेल्या वाटांनी. ते पोचायला वर्षं लागतात. वीज त्याच वाटा काही सेकंदांत चाचपून येते. ताकद मोजायला क्युब फोडला की तो संपला. इथे मात्र एकाच नमुन्याला पहिल्या तासापासून तीन महिन्यांपर्यंत विचारत राहता येतं. मला या पद्धतीचं सगळ्यात जास्त आकर्षण आहे ते याचंच.

तीन मिश्रणं ठरली. ‘अ’: साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलँड सिमेंट), पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४०. ‘ब’: तेच सिमेंट, गुणोत्तर ०.६०. ‘क’: ३० टक्के सिमेंटच्या जागी फ्लाय ॲश, पाणी आणि एकूण भुकटीचं गुणोत्तर ०.४०. ही फ्लाय ॲश, म्हणजे जळालेल्या कोळशाची बारीक राख, नाशिकजवळच्या एकलहरे वीजकेंद्रातली. वाळू, खडी काही नाही. खडी आली की तिच्या कडेची सैल पेस्ट वेगळंच गणित मांडते.

२९ जुलै

ज्युनिअर मुलांनी विचारलं, साधं मल्टिमीटर का नाही चालणार? विचारणं बरोबरच होतं, म्हणून मागच्या बॅचच्या एका जुन्या ओल्या ठोकळ्याला लावूनच दाखवलं. आकडा थांबेना. वाढतच गेला, मग टोकं उलटी केली तर एकदम खाली पडून पुन्हा चढायला लागला. मल्टिमीटर एकाच दिशेचा प्रवाह सोडतं. मीटर जोडलेल्या पोलादाच्या पत्रीत वीज इलेक्ट्रॉनांनी वाहते, पाण्यात आयनांनी; दोघांच्या सीमेवर आयन येऊन साचतात आणि स्वतःचाच एक उलटा दाब तयार करतात. म्हणजे जे मोजलं जातं ते पत्रीच्या तोंडावरच्या गर्दीचं मोजमाप, सिमेंटचं नाही.

म्हणून उलटसुलट प्रवाह, म्हणजे एसी, आणि तोही वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला. आमच्या विभागातला एसीवर रोध मोजणारा एलसीआर मीटर १ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. कमी फ्रिक्वेन्सीला पत्रीची गर्दी दिसते, खूप वरच्या फ्रिक्वेन्सीला पेस्टचा संधारित्रासारखा स्वभाव दिसायला लागतो, आणि दोघांच्या मध्ये एक जागा येते जिथे इम्पीडन्सचा, म्हणजे एसीला होणाऱ्या एकूण अडथळ्याचा, काल्पनिक (साठवणुकीचा) भाग सगळ्यात लहान होतो. वास्तव आणि काल्पनिक भाग एकमेकांसमोर मांडणाऱ्या नायक्विस्ट आलेखावर ती एका खाचेसारखी दिसते. तिथला वास्तव भाग हाच पेस्टचा रोध. ही खाच वयानुसार सरकते, त्यामुळे ‘१ किलोहर्ट्झला मोजलं आणि लिहिलं’ असं करायचं नाही. दर वेळी सगळ्या फ्रिक्वेन्सींचा पूर्ण स्वीप.

३१ जुलै

साचे तयार झाले. ॲक्रिलिकचे, दोन्ही टोकांना स्टेनलेस स्टीलच्या ५ × ५ सेंटिमीटर पत्र्या, मध्ये १० सेंटिमीटर अंतर. क्षेत्रफळ भागिले अंतर म्हणजे २.५ सेंटिमीटर. भूमितीचा हिशेब कागदावर सोपा आहे, पण त्यावर विसंबून राहण्यापेक्षा ज्याची वाहकता नक्की माहीत आहे असा द्राव भरून पाहणं चांगलं. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडची वाहकता २५ अंशांना १२.८८ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर. म्हणजे साच्यात ३१.१ ओहम यायला हवेत. काठोकाठ भरून, बुडबुडे झटकून, पाण्याच्या टबात तापमान स्थिर धरून मोजलं: ३१.३. छान.

तारांचा स्वतःचा रोध आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला त्यांचं इंडक्टन्स वजा करायला ओपन आणि शॉर्ट करेक्शन (टोकं मोकळी ठेवून आणि जोडून घेतलेली दुरुस्ती) दर वेळी घ्यायचं. ताज्या पेस्टचा रोध जेमतेम ४० ओहमच्या आसपास असणार; तिथे तारेचा पाव ओहमही दिसतो.

१२ ऑगस्ट

ओतकाम. सकाळी १०.२० ला ‘अ’ मिश्रणात पाणी पडलं, त्यानंतर ‘ब’ आणि ‘क’.

‘ब’ची अडचण आधीपासून दिसत होती. ०.६० ला पेस्ट इतकी पातळ की सिमेंट खाली बसतं आणि वर पाणी साचतं. मग वरच्या आणि खालच्या थराचं गुणोत्तर वेगळं होतं आणि मोजमापाला अर्थ राहत नाही. लॅबमधल्या मामांनी सुचवलं की साचा झाकण लावून बंद केलाच आहे, तर घट्ट होईपर्यंत उलटापालटा करत राहू. “तुम्ही रीडिंग बघा हो, हे मी बघतो,” म्हणाले, आणि घड्याळ समोर ठेवून दुपारभर ते काम त्यांनी केलं. घट्ट झाल्यावर झाकण काढलं तर वर पाण्याचा थर नव्हता.

पहिल्या काही तासांचा आलेख पाहण्यासारखा होता. पाणी पडताच अल्कली सल्फेट विरघळतात, पाठोपाठ कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड येतात, त्यामुळे वाहकता आधी चढते. मग बराच वेळ आलेख जवळजवळ सपाट. या सपाट काळात काही घडत नाही असं वाटतं, पण कण विरघळणं सुरूच असतं. मग दुपारी कधीतरी रेघ खाली वळते. शेजारी व्हिकॅट, म्हणजे पेस्ट किती घट्ट झाली हे सुई सोडून पाहायचं उपकरण, लावला होता. सुई तळापासून ५ मिलिमीटरच्या आसपास अडायला लागली (हेच सुरुवातीचं सेटिंग) त्याआधीच वाहकतेने वळण घेतलं होतं. सुईला कळतं ते कणांचं एकमेकांना धरणं. विजेला त्याआधीच कळतं की मधलं पाणी कमी होतंय आणि त्याच्या वाटा वाकड्या होतायत. त्या वळणाची वेळ आणि सुरुवातीचं सेटिंग यांचा मेळ लावायचा मोह होतो, पण ही दोन वेगळी मोजमापं आहेत, एकाच्या जागी दुसरं लिहू नये.

संध्याकाळी सगळे साचे प्लास्टिकमध्ये गुंडाळून बंद केले. पाण्यात बुडवायचे नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवतो. चुन्याच्या पाण्याच्या टाकीत ठेवलं की छिद्रांतले अल्कली बाहेर झिरपतात, आतलं पाणी पातळ होतं आणि रोध उगाच वाढलेला दिसतो. आश्टो या अमेरिकन रस्ते-संस्थेच्या पृष्ठीय रोधकतेच्या टी ३५८ पद्धतीत चुन्याच्या पाण्यात वाढवलेल्या नमुन्यांसाठी वेगळा १.१ चा गुणक ठेवला आहे. नमुना कसा ठेवला यावर आकडा हलतो, हे त्यांनाही मान्य आहे.

१९ ऑगस्ट

सात दिवस. सगळं २५ अंशांना. साच्यातला रोध ओहममध्ये, कंसात रोधकता, म्हणजे साच्याची भूमिती वगळून उरणारा पेस्टचा स्वतःचा गुण, ओहम-मीटरमध्ये: अ २६२ (६.५५), ब १४८ (३.७), क २१४ (५.३५).

फ्लाय ॲशचं मिश्रण साध्या सिमेंटपेक्षा मागे. अपेक्षेप्रमाणेच. राखेचे गोळे अजून नुसते पाण्यात बसलेत, त्यांचं रसायन उशिरा सुरू होतं.

आज सिमेंट-संशोधक पॉवर्सचं जुनं काम पुन्हा डोळ्यांखालून घातलं. पॉवर्स, कोपलँड आणि मॅन यांनी १९५९ मध्ये दाखवलं की केशिका छिद्रांची (कणांमधल्या पाण्याच्या जागी उरलेल्या मोठ्या छिद्रांची) सलग साखळी तुटायला किती काळ लागतो ते पाणी-सिमेंट गुणोत्तरावर ठरतं: ०.४० ला सुमारे ३ दिवस, ०.४५ ला ७, ०.५० ला १४, ०.६० ला ६ महिने, ०.७० ला वर्ष, आणि त्याहून वर गेलं तर ती कधीच तुटत नाही. म्हणजे माझ्या ‘अ’ची साखळी तुटून झाली असावी आणि ‘ब’ची प्रकल्प संपेपर्यंतही तुटणार नाही. नंतर गारबोची आणि बेंट्झ यांनी संगणकावर पेस्ट ‘वाढवून’ दाखवलं की केशिका छिद्रांचं प्रमाण घनफळाच्या १८ टक्क्यांच्या आसपास उतरलं की साखळी तुटते.

साखळी तुटली म्हणून वीज थांबत नाही. मग ती सीएसएच जेलच्या (सिमेंट आणि पाणी यांतून बनणाऱ्या कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच्या) आतल्या सूक्ष्म छिद्रांतून जाते. पेठेतला हमरस्ता बंद झाला की माणसं बोळांतून निघतात, तसं. फक्त हे बोळ फार अरुंद: जेलमधून आयनांची हालचाल मोकळ्या पाण्याच्या सुमारे ४०० पट कमी धरतात.

२७ ऑगस्ट

तापमानासाठी वेगळा दिवस. ‘अ’चा साचा टबात २० अंशांपासून ३५ पर्यंत नेला. दर अंशाला वाहकता दोन-अडीच टक्क्यांनी वाढते. पावसाची सर येऊन गेल्यावर आमच्या लॅबमध्ये दुपार आणि रात्र यात सहासात अंशांचा फरक सहज पडतो. म्हणजे १५ टक्के फरक नुसत्या हवेने! कितीतरी प्रबंधांत ‘खोलीच्या तापमानाला’ एवढंच लिहिलेलं असतं. पुण्यातल्या मे महिन्यातली खोली आणि डिसेंबरमधली खोली यांत सिमेंटचं आठवड्याभराचं वय लपून जाईल. टब आणि थर्मामीटर यांचा एकत्र खर्च मीटरच्या मानाने काहीच नाही.

९ सप्टेंबर

अठ्ठावीस दिवस. गणपतीत कॉलेज जवळपास रिकामं, पण नमुन्याचं वय सुट्टी पाळत नाही. सरांनी किल्ली आधीच देऊन ठेवली होती.

अ ३७२ ओहम, म्हणजे ९.३ ओहम-मीटर. ब २३६, म्हणजे ५.९. क ५८८, म्हणजे १४.७.

इथेच थांबलं तर निष्कर्ष तयार आहे: फ्लाय ॲशने रोधकता दीडपटीहून जास्त झाली, म्हणून सूक्ष्मरचना तितकी घट्ट झाली. असं वाक्य कुठेही खपून जाईल. मला ते आज लिहायचं नाही, कारण छिद्रांतलं पाणी अजून पाहिलेलं नाही.

म्हणून दुपारी डाय, म्हणजे पेस्टमधून ते पाणी पिळून काढायचं साधन. त्याच ओतकामातले वेगळे दंडगोल याच कामासाठी ओतून ठेवले होते. टणक पोलादाची जाड नळी, ५० मिलिमीटरचं भोक, खाली निचऱ्याची खाच, वर दट्ट्या. दंडगोल फोडून तुकडे आत टाकायचे आणि सीटीएमवर, म्हणजे क्युब फोडायच्या दाबयंत्रावर, दाबायचं. १००० किलोन्यूटन म्हणजे त्या भोकावर ५०० मेगापास्कलहून थोडं जास्त. बराच वेळ काही होत नाही. मग नळीच्या तोंडाशी एक पिवळसर थेंब फुगतो, थांबतो, आणि सिरिंजमध्ये ओढला जातो. ‘अ’मधून फार थोडे मिलिलिटर निघाले. लगेच गाळून बंद करायचं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड हायड्रॉक्साइड खायला टपलेला असतो. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. हा द्राव कातडी जाळतो.

१२ सप्टेंबर

द्रावांचे आकडे हातात. फ्लेम फोटोमीटरवर ‘अ’च्या द्रावात पोटॅशियम ०.४० मोल प्रति लिटर, सोडियम ०.१५. आम्ल घालून टायट्रेशन केलं तर हायड्रॉक्साइड ०.५५. धन आणि ऋण भार जुळले, म्हणजे नमुना बिघडलेला नाही.

आता यावरून वाहकता. स्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दिलेलं सूत्र वापरलं. प्रत्येक आयनाची अतिशय पातळ द्रावातली वाहकता घ्यायची, हायड्रॉक्साइड १९८, पोटॅशियम ७३.५, सोडियम ५०.१, आणि द्राव दाट असल्याने ती थोडी खाली आणायची. बेरीज ११.२ सीमेन्स प्रति मीटर. छोट्या प्रोबने थेट मोजलं तर ११.०. दोन वेगळ्या वाटांनी आलेले आकडे इतके जवळ आले की मनाला खरंच बरं वाटतं.

याच बेरजेत एक गोष्ट स्पष्ट दिसते. ११.२ पैकी साडेआठहून थोडं जास्त एकट्या हायड्रॉक्साइडचं. म्हणजे सिमेंटमधून वाहणाऱ्या विजेचा तीन चतुर्थांश भाग हायड्रॉक्साइड वाहतो. मिश्रणात जे काही हायड्रॉक्साइड कमी करेल ते रोधकता वाढवेल, मग एकही छिद्र बंद झालेलं नसलं तरी.

‘क’च्या द्रावाची वाहकता ७.२. सिमेंटच ३० टक्के कमी, म्हणून अल्कली कमी; शिवाय राखेतल्या सिलिकामुळे बनणारं जेल अल्कली स्वतःकडे धरून ठेवतं. ‘ब’ची ६.९, तिथे कारण साधं, तेवढेच अल्कली जास्त पाण्यात विरघळलेत.

पेस्टची रोधकता गुणिले द्रावाची वाहकता. या गुणाकाराला फॉर्मेशन फॅक्टर म्हणतात. पाणी हिशेबातून निघून जातं आणि वाटांची गोष्ट उरते.

अ: १०२. ब: ४१. क: १०६.

हे तीन आकडे मी बराच वेळ बघत बसलो. ‘अ’ आणि ‘क’ जवळजवळ सारखे! दीडपट वाढलेली रोधकता संपूर्णपणे पाण्याची होती. अठ्ठावीस दिवसांना फ्लाय ॲशने वाटा घट्ट केलेल्या नाहीत. इतकंच केलं की सिमेंट कमी असूनही ‘क’ साध्या सिमेंटच्या बरोबरीला आलं. तेही कमी नाही, पण ते वेगळं विधान आहे.

१३ सप्टेंबर

सरांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, “हा फॅक्टर सिमेंटवाल्यांचा आहे का?” नाही. तो तेलविहिरींतून आला. श्लुम्बर्जे बंधूंनी १९२७ मध्ये अल्सासमधल्या पेशेलब्रॉनला विहिरीत पहिल्यांदा विजेची मोजणी केली, आणि शेल कंपनीतल्या गस आर्ची यांनी १९४२ मध्ये वाळूखडकाची रोधकता, त्यातल्या पाण्याची रोधकता आणि सच्छिद्रता यांचं नातं मांडलं. खडकात तेल किती हे शोधणाऱ्यांना पाण्याचा वाटा वेगळा काढणं भागच होतं, कारण तेल वीज नेत नाही. काँक्रीटच्या लोकांकडे ते उशिरा आलं.

२४ सप्टेंबर

आरसीपीटी, म्हणजे काँक्रीटमध्ये क्लोराइड किती सहज शिरतं हे ठरवायची प्रचलित जलद चाचणी. हा प्रकल्पाचा भाग नाही, पण बाहेर सगळे त्याचाच दाखला मागतात म्हणून हिशेब करून पाहिला. १०० मिलिमीटर व्यासाची, ५० जाडीची काँक्रीटची चकती, दोन्ही बाजूंना द्राव, ६० व्होल्ट, सहा तास, आणि एकूण किती विद्युतभार, म्हणजे किती कुलंब, गेले ते मोजायचं. समजा काँक्रीटची रोधकता ५० ओहम-मीटर. चकतीचा रोध सुमारे ३१८ ओहम, प्रवाह ०.१९ ॲम्पिअरच्या आत, सहा तासांचे कुलंब ४०७० च्या आसपास. ४००० च्या वर ‘जास्त पारगम्यता’, खाली ‘मध्यम’. म्हणजे नाव क्लोराइडचं असलं तरी मुख्यतः मोजला जातो तो रोधच, तोही नमुना प्रवाहाने तापत असताना. ताप वाढला की प्रवाह वाढतो, आणि साधारण काँक्रीट आहे त्याहून वाईट दिसतं. कॅल्शियम नायट्राइटसारखं गंजरोधक घातलं की पाण्याची वाहकता वाढून कुलंब चढतात. त्याबद्दलचा इशारा एएसटीएम सी १२०२ या चाचणीच्या अमेरिकन मानकातच आहे. फ्लाय ॲशला उलट फायदा मिळतो. दोन्हीकडे पाणीच बोलत असतं.

१५ ऑक्टोबर

व्हेनर प्रोब उधार मिळाला. चार टोकं एका रेषेत, बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांत व्होल्टेज, ५० मिलिमीटर अंतर. ही मांडणी १९१५ ची, फ्रँक व्हेनर यांची, जमिनीची रोधकता मोजायला. आवारातल्या एका जुन्या काँक्रीट भिंतीवर फिरवला. सळईच्या वर आला की आकडा घसरतो, म्हणून जाळीच्या चौकोनाच्या मध्ये तिरका धरायचा. सुकलेल्या पृष्ठभागावर आकडे दुपटीने वर जातात. भिंत काही सुधारलेली नसते, तिच्या छिद्रांत फक्त हवा भरलेली असते. जागेवरच्या मोजणीत ओल किती होती हे लिहिलं नाही तर तो कागद मी वाचणार नाही.

११ नोव्हेंबर

एक्क्याण्णव दिवस. दिवाळीच्या सुट्टीनंतर लॅब नुकती उघडली होती. प्लास्टिकची सगळी पाकिटं शाबूत, वजनं जवळपास तीच.

अ: ४७० ओहम, ११.७५ ओहम-मीटर, द्रावाची वाहकता ११.४, फॅक्टर १३४.

क: १७२० ओहम, ४३ ओहम-मीटर, द्रावाची वाहकता ६.४, फॅक्टर २७५.

आता मात्र खरंच घडलंय. द्रावाची वाहकता थोडीशीच उतरली, आणि फॅक्टर अडीचपटीहून वर गेला. राखेचं रसायन ऑक्टोबरात कधीतरी जोरात चाललं असणार: कॅल्शियम हायड्रॉक्साइड घेऊन नवं जेल, तेही नेमकं वाटांच्या तोंडाशी. नुसती रोधकता पाहणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांना दीडपट आणि आता जवळपास पावणेचारपट दिसेल, एकाच गोष्टीची सलग चढण वाटेल. प्रत्यक्षात पहिला टप्पा पाण्याचा होता आणि दुसरा मुख्यतः वाटांचा.

आयनांची वाहकता आणि त्यांचं पसरणं जोडणाऱ्या नर्न्स्ट-आइनस्टाइन नात्याने हे थेट विसरणाकडे, म्हणजे क्लोराइड किती वेगाने पसरेल याकडे, नेता येतं. मोकळ्या पाण्यात क्लोराइडचा विसरण गुणांक २५ अंशांना २.०३ × १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद. त्याला फॅक्टरने भागायचं: ‘अ’साठी १.५ × १०⁻¹¹, ‘क’साठी ७.४ × १०⁻¹². निम्मा. क्लोराइड वाटेत सिमेंटला चिकटून बसतं तो फायदा यात धरलेला नाही, आणि ही पेस्ट आहे, काँक्रीट नाही.

‘ब’चा द्राव या वेळी काढला नाही; त्याचे दंडगोल सहा महिन्यांसाठी राखून ठेवलेत. पॉवर्सने सांगितलेला काळ फेब्रुवारीत भरतो.

२० नोव्हेंबर

पुढची तयारी. चुनखडी आणि भाजलेली चिकणमाती घातलेल्या सिमेंटसाठी आता आयएस १८१८९:२०२३ हे भारतीय मानक आहे, आणि या मिश्रणाची रोधकता लवकर आणि खूप वर जाते म्हणून त्याचं कौतुक होतं. ते कौतुक कितपत वाटांचं आणि कितपत पाण्याचं, हे तपासायचं. भाजलेल्या मातीतलं सिलिका आणि ॲल्युमिना लवकर काम करतं, त्यामुळे माझा कयास आहे की इथे वाटा पहिल्या आठवड्यातच बंद व्हायला लागतील. पण द्राव काढल्याशिवाय हे वहीत कयास म्हणूनच राहील. इतक्या घट्ट पेस्टमधून द्राव निघणं अवघड, म्हणून तीन आणि सात दिवसांसाठी दंडगोल दुप्पट ओतायचे आणि डायची टेफ्लॉन चकती नवी घ्यायची. मामांना सीटीएमची वेळ आधी विचारून ठेवली आहे, बी.टेक.च्या क्युबांची गर्दी डिसेंबरात सुरू होते.